गाडीत बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम: ऐकायला उत्तम, पण विकताना किती उपयोगी?

2017 साली मी माझ्या चार वर्षे जुन्या हॅचबॅकमधली कंपनीची म्युझिक सिस्टीम काढून तिच्या जागी बाहेरून पूर्ण नवी यंत्रणा बसवून घेतली आणि 2023 साली ती गाडी विकली. मधली सहा वर्षे त्या यंत्रणेने मला जो आनंद दिला, त्याविषयी माझी तसूभरही तक्रार नाही. रोज दीड तास गाडीत घालवणाऱ्या माणसाला गायिकेने ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येणे, ही लहान गोष्ट नसते. पण हे परीक्षण आवाजाचे नाही. खरेदी करताना मी स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती की, आज एवढा खर्च झाला तरी गाडी विकताना त्यातला बराचसा वसूल होईल. दुकानातही मला तसेच सांगण्यात आले होते. ती समजूत कितपत खरी ठरली, एवढाच इथला विषय आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निष्कर्ष आधीच सांगते. गाडीच्या किमतीत त्या यंत्रणेमुळे काहीही भर पडली नाही, तिच्यातल्या एका वस्तूमुळे गाडी लवकर विकली गेली, आणि जे थोडे पैसे परत आले ते यंत्रणा गाडीतून काढून सुटी विकल्यामुळे आले.

काय बसवले होते ते आधी सांगायला हवे, कारण पुढे प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा निघाला. डॅशबोर्डमध्ये मूळच्या साध्या रेडिओ-सीडी प्लेअरच्या जागी सात इंची टचस्क्रीनचे हेड युनिट आले आणि त्याला रिव्हर्स कॅमेरा जोडला गेला. पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर बसले, म्हणजे जड आवाजाचा वूफर दारात आणि बारीक आवाजाचा ट्वीटर आरशाजवळच्या त्रिकोणी प्लॅस्टिकमध्ये. मागच्या दारांत वूफर-ट्वीटर एकत्र असलेले साधे कोअ‍ॅक्शियल स्पीकर, चालकाच्या सीटखाली पाच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, डिक्कीत लाकडी पेटीतला, सर्वांत खोल आवाजासाठीचा बारा इंची सबवूफर, आणि चारही दारांच्या पत्र्याला आतून पत्र्याचे कंपन कमी करणारी ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट. वस्तू नामांकित कंपन्यांच्या होत्या आणि सर्व पावत्या मी जपून ठेवल्या होत्या. त्या पावत्या गाडी विकताना दाखवायच्या, असा माझा बेत होता.

गाडी पाहायला सर्वांत आधी जुन्या गाड्यांचे एक व्यापारी आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडले आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघून केबिनकडे गेलेली जाड लाल वायर दिसताच ते थांबले. इंजिनाकडे त्यांनी नंतर पाहिले. आधी त्यांनी डाव्या दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी हलकेच उचकटली, खालचा गालिचा दोन बोटांनी वर केला आणि तिथून जाणाऱ्या वायरींवर बोट फिरवले. एके ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली होती. सहा उन्हाळ्यांत तिचा गोंद पातळ होऊन बाहेर आला होता. त्यांच्या बोटाला तो चिकटला, त्याच्यावर धूळ होती आणि टेपचे टोक सुटून आतला तांब्याचा पीळ उघडा दिसत होता. त्यांनी ते बोट मला दाखवले आणि शांतपणे विचारले, “मूळ रेडिओ आहे का तुमच्याकडे?” मी म्हणाले, “आहे, खोक्यात नीट ठेवलेला आहे.” त्यांचा पुढचा प्रश्न होता, “आणि त्याचा कपलर?” कपलर म्हणजे गाडीच्या वायरींचा रेडिओत बसणारा प्लग. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. त्यांनी सांगितलेली किंमत त्याच वर्षीच्या, तितक्याच चाललेल्या, पण काहीही न बदललेल्या गाडीच्या किमतीपेक्षा कमी होती. मी पावत्या पुढे केल्या, तेव्हा त्यांनी त्या आदराने पाहिल्या आणि आदराने परतही केल्या.

दुसरा आला तो एक तरुण, स्वतः आवाजाचा शौकीन. त्याने आपल्या फोनवरची गाणी लावून पाऊण तास गाडीत बसून ऐकले. क्रॉसओव्हर, म्हणजे जड आणि बारीक आवाज वेगळे करणारी सीमा, कोणत्या वारंवारतेवर ठेवला आहे, सबवूफरची पेटी बंद आहे की तिला छिद्र आहे, हे सगळे त्याने जाणकारीने विचारले आणि मनापासून दाद दिली. मला वाटले, हाच योग्य ग्राहक. पण किंमत बोलायची वेळ आली तेव्हा त्याने जी रक्कम सांगितली ती साध्या गाडीचीच होती. त्याचे कारण त्याने स्पष्टपणे सांगितले: त्याला ही यंत्रणा आवडली होती, पण त्याच्याकडे आधीच्या गाडीतली स्वतःची निवडलेली यंत्रणा होती आणि ती तो नव्या गाडीत बसवणारच होता. शौकीन माणसाला दुसऱ्याची आवड विकत घ्यायची नसते, आणि ज्याला शौक नाही त्याला त्यातला फरक ऐकू येत नाही. माझ्या हिशेबातली सर्वांत मोठी चूक त्या दिवशी माझ्या लक्षात आली.

अखेर गाडी घेतली ती लहान मूल असलेल्या एका जोडप्याने. त्यांनी सबवूफर पाहिला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे की, “ही पेटी काढून देता येईल का? आम्हाला बाबागाडी ठेवायची आहे.” स्क्रीन आणि कॅमेरा मात्र त्यांना हवा होता, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोन गाड्या सोडून ते माझ्याकडे आले ते त्यासाठीच. त्यांनी स्क्रीनसाठी वेगळे पैसे मोजले का? नाही. पण घासाघीस फारशी केली नाही आणि निर्णय त्याच दिवशी घेतला.

हे असे का होते, याचा मी नंतर बराच विचार केला. जुन्या गाडीचे मूल्यांकन ज्या तक्त्यांवरून आणि संकेतस्थळांवरून होते, त्यांत मॉडेल, वर्ष, श्रेणी, इंजिन, गिअरबॉक्स, झालेले किलोमीटर आणि एकूण स्थिती एवढ्यालाच जागा असते. कारखान्यातून बसून आलेली नामांकित ध्वनियंत्रणा किमतीत मोजली जाते, कारण ती वरच्या श्रेणीचा किंवा अधिकृत पर्यायाचा भाग असते आणि गाडीच्या नोंदीवरून पडताळता येते. बाहेरून बसवलेल्या यंत्रणेला त्या तक्त्यात रकानाच नसतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर गोष्ट याहूनही साधी आहे. तो गाडी एका अनोळखी ग्राहकासाठी घेत असतो. त्या ग्राहकाने परत येऊन “बॅटरी उतरते”, “दारात खडखड होते” असे म्हणू नये, एवढीच त्याची इच्छा असते. कापलेली प्रत्येक वायर त्याच्यासाठी भविष्यातली एक संभाव्य तक्रार असते, आणि त्या तक्रारीची किंमत तो आजच वजा करून ठेवतो. यंत्रणेवर झालेला खर्च हा माझा खर्च होता. त्याचा त्याच्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता.

मोठ्या सबवूफरमुळे आणखी एक शंका उत्पन्न होते आणि ती बोलून दाखवली जात नाही. एवढा आवाज लावणारा माणूस गाडीही तशीच दामटत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. माझी गाडी मी अत्यंत सांभाळून चालवली होती, प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर झाले होते. तरी डिक्की उघडताच समोरच्याचा चेहरा बदलतो हे मी तीनदा पाहिले.

आता एकेका वस्तूचा हिशेब. हेड युनिट ही एकच वस्तू अशी आहे की जिच्याबाबत माझे मत अनुकूल आहे, आणि तेही काही अटींवर. अ‍ॅपल कारप्ले 2014 साली आणि अँड्रॉइड ऑटो 2015 साली आले; या सोयींमुळे फोन गाडीच्या स्क्रीनवर वापरता येतो. त्याआधी बनलेल्या आणि त्यानंतरच्याही अनेक खालच्या श्रेणीच्या गाड्यांमध्ये फोनचा नकाशा डॅशबोर्डवर दिसण्याची सोय नाही. गाडी एरवी ठणठणीत असते, पण डॅशबोर्डकडे पाहताच तिचे वय कळते. अशा गाडीत चांगल्या कंपनीची स्क्रीन, ब्लूटूथ आणि रिव्हर्स कॅमेरा असला तर पाहणाऱ्याला ती चार वर्षांनी तरुण वाटते. त्याला ही सोय समजण्यासाठी कान तयार असावे लागत नाहीत. गिअर मागे टाकला की मागचे दृश्य दिसते, आणि तेवढ्याने काम होते. अट अशी की स्क्रीन डॅशबोर्डमध्ये मापात बसलेली हवी. जुन्या गाड्यांत रेडिओची जागा ठरावीक मापाची असे: एक-डिन म्हणजे साधारण 180 गुणिले 50 मिलिमीटर आणि दोन-डिन म्हणजे 180 गुणिले 100 मिलिमीटर. माझ्या गाडीत दोन-डिनची जागा होती, त्यामुळे योग्य फ्रेम लावल्यावर स्क्रीन मूळचीच वाटे. तीच स्क्रीन फटी ठेवून, तिरकी किंवा डॅशबोर्ड कानशीने घासून बसवली असेल तर ती फायद्याऐवजी तोट्याच्या बाजूला जाते. स्टिअरिंगवरची बटणे चालणे हीसुद्धा माझ्या मते आवश्यक बाब आहे. पाहायला येणारा माणूस सीटवर बसताच अंगठ्याने आवाज कमी-जास्त करून बघतो. बटण दाबूनही काही झाले नाही की त्याच्या मनात पहिली अढी तिथेच बसते. ही बटणे नव्या युनिटला जोडण्यासाठी वेगळा इंटरफेस लागतो आणि तो खर्च अनेकजण वाचवतात. मी वाचवला नाही, आणि पूर्ण खर्चातला तो सर्वांत शहाणपणाचा भाग होता.

पुढच्या स्पीकरांविषयी मला वाईट वाटते, कारण ऐकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक त्यांनीच पाडला होता. कंपनीच्या स्पीकरांचे शंकू बहुधा कागदाचे आणि चुंबक लहान असतात. त्या जागी चांगला कॉम्पोनंट संच आणि दारात डॅम्पिंग शीट एवढे केले तरी गाडीतला आवाज ओळखू न येण्याइतका सुधारतो. पण जाळीमागचा स्पीकर दिसत नाही, म्हणून विकताना तो शून्य धरला जातो. डॅम्पिंग शीटचे तर त्याहून वाईट. ती एकदा चिकटवली की काढून पुन्हा वापरता येत नाही, म्हणून तिच्यावरचा खर्च पूर्णपणे खर्चच समजावा. तिच्यामुळे दार लावताना येणारा भरीव आवाज मात्र त्या जोडप्यातील नवऱ्याने आवर्जून दोनदा ऐकला. त्याने कारण विचारले नाही, मीही सांगितले नाही. गाडी मजबूत आहे, या त्याच्या भावनेत त्या आवाजाचा थोडा वाटा असावा असे मला वाटते, पण त्याचा आकडा काढता येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर या दोन वस्तू गाडीत ठेवून विकणे म्हणजे त्या फुकट देणे, आणि कित्येकदा वरून काही सोडून देणे. खोक्यावरचे मोठे वॅटचे आकडे दाखवून कोणी प्रभावित होत नाही आणि होऊही नये. कमाल वॅट आणि सतत मिळणारे आरएमएस वॅट यांत फार अंतर असते. गाडीतल्या ध्वनियंत्रणेची शक्ती मोजण्याच्या सीटीए-2006 या मानकाप्रमाणे 14.4 व्होल्टला, 4 ओहमच्या भाराला आणि 1 टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होता जी शक्ती मिळते तीच खरी मानावी. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाजाची पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जादा पैसे मोजतो, तो कानालाही फारसा जाणवत नाही आणि पुढच्या ग्राहकालाही नाही.

खरा विषय वायरिंगचा आहे, आणि त्यावर मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझे नुकसान तिथे झाले. ज्या दुकानात मी काम करून घेतले तिथल्या कारागिराने हेड युनिट जोडताना गाडीच्या मूळ वायरींचा कपलर कापून टाकला आणि वायरी थेट पिळून जोडल्या. वास्तविक बहुतेक प्रचलित मॉडेलांसाठी तयार जोडणी, म्हणजे एका बाजूला गाडीच्या कपलरमध्ये बसणारी आणि दुसऱ्या बाजूला नव्या हेड युनिटला जाणारी वायरिंग, बाजारात मिळते. ती वापरली असती तर एकही मूळ वायर कापावी लागली नसती, आणि मूळ रेडिओ दहा मिनिटांत परत बसला असता. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी काचेपलीकडे बसून चहा होईपर्यंत वाट पाहिली आणि बिल देऊन बाहेर पडले. सहा वर्षांनी त्या कापलेल्या कपलरमुळे व्यापाऱ्याने किंमत पाडली, आणि तो नव्याने जोडून घेण्यासाठी एका वाहन-इलेक्ट्रिशियनला पूर्ण दिवस द्यावा लागला. त्यांनी वायरींच्या रंगांची नोंद शोधली, प्रत्येक वायर मीटरने तपासली, झाळ दिली आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली. त्या दिवसाची मजुरी तयार जोडणीच्या किमतीच्या कित्येक पट होती.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीबाबतही असेच. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची एकूण आरएमएस शक्ती 500 वॅट होती. त्याची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर पूर्ण भारावर तो 625 वॅट खेचतो, म्हणजे 13.8 व्होल्टला जवळपास 45 अँपिअर. गाणे ऐकताना सरासरी ओढ याहून पुष्कळ कमी असते, पण वायर निवडताना कमाल आकडाच धरावा लागतो. बाजारात स्वस्त मिळणारी वायर पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्के असते, त्यामुळे त्याच जाडीची वायर घेतली तर ती तापते. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर सुमारे 45 सेंटीमीटरच्या आत फ्यूज असणे हा जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कारण पत्र्याच्या कडेवर घासून वायरीचे आवरण फाटले तर आग लागू शकते. माझ्या गाडीत फ्यूज होता, पण तो सीटजवळ, अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला! म्हणजे बॅटरीपासून सीटपर्यंतची संपूर्ण वायर फ्यूजच्या संरक्षणाविना होती, आणि मी त्या गाडीत माझ्या आईवडिलांना घेऊन फिरत होते. हे लिहिताना अजूनही मन अस्वस्थ होते.

बॅटरी उतरण्याची तक्रार विकत घेणाऱ्याला का भेडसावते, हेही आकड्यांतून स्पष्ट होते. गाडी बंद असताना घड्याळ, कुलूपयंत्रणा वगैरे मिळून साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत वीज वापरली जाणे सामान्य मानले जाते. अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी वायर चुकीच्या ठिकाणी जोडली गेली आणि तो बंद झालाच नाही, तर तो रिकामा बसूनही सहज अर्धा अँपिअर खेचू शकतो. 45 अँपिअर-तासांची बॅटरी त्या ओढीने दोन दिवसांत निम्मी होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंड इंजिन फिरवायला ती कमी पडते. व्यापाऱ्याकडे गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. त्याने हे अनेकदा भोगलेले असते, म्हणूनच लाल वायर दिसताच तो थांबतो.

इथवर मी जे लिहिले ते साधा रेडिओ असलेल्या गाडीविषयी आहे. अलीकडच्या गाड्यांत परिस्थिती अधिक अवघड आहे. त्यांच्या स्क्रीनमध्येच एसीचे नियंत्रण, गाडीच्या सेटिंग, पार्किंगच्या सूचना आणि पट्टा न लावल्याचा इशारा असतो. काही गाड्यांत इंजिनाचा घरघराट कमी करण्यासाठी कंपनीच्या स्पीकरांतूनच उलटा ध्वनी सोडला जातो. हेड युनिट आणि इतर यंत्रणा कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या अंतर्गत संदेशजाळ्यावर, एकमेकांशी बोलतात, आणि काही महागड्या गाड्यांत अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा ध्वनी तांब्याच्या वायरीऐवजी प्रकाशतंतूतून जातो. अशा गाडीची मूळ स्क्रीन काढणे म्हणजे किंमत वाढवण्याच्या नादात ती कमी करणे होय. ज्यांना अशा गाडीत आवाज सुधारायचाच आहे त्यांनी स्क्रीन जागेवर ठेवावी आणि तिच्या पुढे डीएसपी (ध्वनी जुळवून घेणारा प्रोसेसर) व अ‍ॅम्प्लिफायर जोडावा. त्यासाठीही न कापता बसणाऱ्या जोडण्या मिळतात. उलट पन्नास वर्षांच्या जुन्या, संग्राह्य गाडीत कारखान्याचा रेडिओ चालत नसला तरी तो जागेवर असण्यालाच किंमत असते. त्या गाड्यांसाठी जुन्या रूपातले, आतून ब्लूटूथ असलेले रेडिओ मिळतात, आणि मूळ रेडिओ काढून जपून ठेवणे हा तिथला साधा नियम आहे.

व्यवहार ठरल्यावर मी अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर आणि पुढचे कॉम्पोनंट स्पीकर काढून घेतले आणि दारांत मूळचे स्पीकर परत बसवले. ते परत बसले याचे कारण एवढेच की स्पीकरांसाठी तरी दारांना नवी छिद्रे पाडलेली नव्हती. प्लॅस्टिकच्या कड्या लावून नवे स्पीकर मूळ चार स्क्रूंवरच बसवले होते. दाराचे पॅड उघडताना तीन क्लिपा तुटल्या. त्या तशाच सोडल्या असत्या तर खडबडीत रस्त्यावर पॅड कुरकुरले असते, म्हणून नव्या आणून लावल्या. ट्वीटरसाठी त्रिकोणी प्लॅस्टिकला पाडलेले भोक मात्र बुजवता आले नाही आणि ते दोन तुकडे नवे घ्यावे लागले. स्क्रीन गाडीतच ठेवली. तिच्यातून माझ्या संपर्कांची यादी, फोनची जोडणी आणि नकाशात साठवलेला घराचा पत्ता पुसण्यासाठी ती कारखान्याच्या मूळ स्थितीवर आणली. ही गोष्ट विसरू नये, कारण अनोळखी माणसाच्या हाती आपण घराची वाट देत असतो.

काढलेल्या वस्तू सुट्या विकल्यावर त्यांच्या मूळ किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम हाती आली. अ‍ॅम्प्लिफायरला चांगला भाव मिळाला, कारण तो जागा कमी घेतो, कोणत्याही गाडीत बसतो आणि पाच मिनिटांत चालवून दाखवता येतो. जपलेल्या पावत्यांचा उपयोग झाला तो इथे. स्पीकरांच्या शंकूभोवतीची कड रबराची असल्याने ती शाबूत होती. फोमची कड असती तर सहा वर्षांत ती कदाचित कुजू लागली असती आणि कोणी हातही लावला नसता. सबवूफरची पेटी सर्वांत शेवटी गेली. ती माझ्या डिक्कीच्या उतारासाठी मापून बनवलेली होती आणि दुसऱ्या गाडीत बसेना. शेवटी एका शौकीनाने आतला सबवूफर घेतला आणि पेटीचे लाकूड मी सुताराला दिले.

तेव्हा एक परीक्षक म्हणून माझा अभिप्राय असा: पुनर्विक्रीचे कारण देऊन कोणी पूर्ण यंत्रणा विकत असेल तर ती घेऊ नये. पाच-सहा वर्षे स्वतः ऐकायचे असेल तर जरूर घ्यावी, कारण तेवढ्या काळात तिचे मोल वसूल होते, माझे झाले. गाडी सहा महिन्यांत विकायचीच असेल तर तिच्यात काहीही नवे बसवू नये, त्याऐवजी बॅटरी, टायर आणि राहिलेले सर्व्हिसिंग यांवर तो पैसा घालावा. अपवाद फक्त बंद पडलेल्या किंवा पडद्यावर रेघा येणाऱ्या हेड युनिटचा. ते बदलावे, कारण बंद स्क्रीनची गाडी पाहणाऱ्याला नादुरुस्तच वाटते. विम्याच्या कागदावर बाहेरून बसवलेल्या यंत्रणेची नोंद करून घ्यावी, नाहीतर चोरी झाल्यास भरपाई केवळ मूळ गाडीची मिळण्याची शक्यता असते.

काम देताना मी आता दुकानदाराला पहिला प्रश्न ब्रँडचा विचारत नाही. “मूळ कपलर कापणार का?” असे विचारते, आणि “काही होत नाही, सगळे कापतात” असे उत्तर आले तर तिथून निघते. फ्यूज कुठे बसणार, वायर शुद्ध तांब्याची आहे का, पत्र्यातून वायर नेताना छिद्राच्या कडेला रबराचे ग्रॉमेट (कडे) लावणार का, अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडणार का आणि तिथे नंतर गंज येऊ नये म्हणून काय लावणार, हे प्रश्न विचारल्यावर कोणता कारागीर आनंदाने उत्तर देतो आणि कोणता वैतागतो, यावरून निम्मी निवड होऊन जाते. काम चालू असताना शेजारी उभे राहून फोटो काढण्याची परवानगीही मी मागते. गाडी विकताना ज्याला शंका असेल त्याला गालिचा उचकटण्याआधी ते फोटो दाखवता येतात.

माझ्या सध्याच्या गाडीत मी फक्त पुढचे स्पीकर बदलले आहेत आणि सीटखाली तळहाताएवढा छोटा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला आहे. डिक्की रिकामी आहे. घरातल्या माळ्यावर एक खोके आहे. त्यात कंपनीचे दोन्ही स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यांचे आठ स्क्रू पिशवीत बांधून आणि खोक्यावर गाडीचे मॉडेल व वर्ष लिहून ठेवले आहे. स्पीकरांची जोडणी तयार वायरिंगने केलेली आहे, एकही वायर कापलेली नाही, आणि मागच्या महिन्यात खात्री करून घ्यावी म्हणून मी एका दाराचे पॅड स्वतः उघडून मूळ स्पीकर लावून पाहिला. पॅड परत बसवेपर्यंत चाळीस मिनिटे लागली आणि क्लिप एकच तुटली.